पाहुण्यांच्या गावातील घरची माणसे

लास व्हेगासला राहते असे सांगितले, की महाराष्ट्रातून पुढचा प्रश्न हमखास येतो, “तिथे राहतं तरी कोण?” विचारणाऱ्याचे फारसे चुकत नाही. छायाचित्रांतून जगाला ठाऊक झालेले व्हेगास म्हणजे ‘स्ट्रिप’ नावाचा जेमतेम सात किलोमीटरचा रस्ता, त्याच्या दुतर्फा उभे असलेले नकली आयफेल टॉवर, नकली व्हेनिस आणि नकली पिरॅमिड, आणि त्यांच्या पोटात अहोरात्र चालणारा जुगार. त्या रस्त्यावर मुक्कामाला असतात ते पाहुणे. घरची माणसे त्याच्या चहूबाजूंना, डोंगरांनी वेढलेल्या एका खोलगट वाळवंटात पसरलेली आहेत. या सगळ्या वस्तीला इथे नुसते ‘व्हॅली’ म्हणतात, आणि ज्या क्लार्क काउंटीत ती येते तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २२ लाख ६५ हजार भरली.

एवढेच कशाला, ती स्ट्रिप मुळात लास व्हेगास शहराच्या हद्दीतच नाही. १९५० च्या सुमारास शहराने हा रस्ता आपल्यात ओढून त्यावर कर बसवण्याचा घाट घातला, तेव्हा कॅसिनोवाल्यांनी काउंटीकडून ‘पॅराडाइज’ नावाचे वेगळे गाव जाहीर करून घेतले, ज्याला ना महापौर ना नगरपालिका. विमानतळ, विद्यापीठ, फुटबॉलचे नवे स्टेडियम हे सगळे त्या पॅराडाइजमध्येच येते. बेटी विलिस या इथल्याच बाईंनी १९५९ मध्ये आखलेली ती सुप्रसिद्ध स्वागताची पाटीसुद्धा शहराच्या हद्दीपासून बरीच दूर उभी आहे, आणि तिच्याखाली छायाचित्र काढून घेण्यासाठी रांगा लावणाऱ्या मंडळींना आपण व्हेगासच्या बाहेर आहोत हे कोणी सांगत नाही.

मी इथल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे या व्हॅलीची ओळख मला पत्त्यांच्या टेबलांपेक्षा मुलांच्या घरांतून अधिक झाली. आमचा शाळा-जिल्हा अमेरिकेतील सर्वांत मोठ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. त्यात सुमारे तीन लाख मुले शिकतात. त्यांच्या घरांतील पाळ्या, पगार, उधारी आणि घरबदल पाहता पाहता माझे एक मत बनत गेले. नशिबासाठी जगभर नावाजलेले हे गाव स्वतः नशिबाच्या भरवशावर मुळीच राहत नाही. ते घड्याळ आणि टक्केवारी यांवर चालते. नशिबावर भिस्त ठेवणे ही पाहुण्याची चैन आहे. घरच्या माणसाने ती केली तर काय होते, हे शाळेत आम्हाला फार लवकर कळते, कारण मुलाचा पत्ता बदलतो.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. या वाळवंटात झरे होते आणि त्यांच्या आधाराने पायूट या मूळ रहिवासी जमातीचे लोक राहत होते. त्याच झऱ्यांमुळे रेल्वेला इथे इंजिनात पाणी भरण्याचे ठाणे करता आले, आणि १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने ११० एकरांचे प्लॉट पाडून त्यांचा लिलाव पुकारला. पायूटांच्या वाट्याला १९११ मध्ये दहा एकर आले. १९३१ या एकाच वर्षी नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, सहा आठवड्यांच्या रहिवासावर घटस्फोट मिळण्याची सोय केली, आणि कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाचे कामही तेव्हाच सुरू झाले. धरणाच्या मजुरांसाठी सरकारने बोल्डर सिटी वसवली व तिथे जुगाराला बंदी केली; ती बंदी आजही आहे, आणि मजूर पगाराच्या दिवशी व्हेगासला कशासाठी येत हे सांगायला नको. १९५० साली सबंध काउंटीत ५० हजारही माणसे नव्हती. १९९० साली ती साडेसात लाखांच्या घरात होती, आणि पुढच्या तीस वर्षांत तिप्पट झाली.

ही माणसे करतात काय? आमच्याकडे पालकसभेची वेळ ठरवायला बसले की त्याचे उत्तर मिळते. संध्याकाळी सहाची वेळ दिली तर ‘स्विंग’ पाळीची माणसे कामावर गेलेली असतात. सकाळी आठची दिली तर ‘ग्रेव्हयार्ड’वाले नुकते घरी येऊन झोपलेले असतात. खिडकीच्या काचांना आतून चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद चिकटवलेला दिसला, की त्या घरात रात्रपाळीचा माणूस राहतो असे खुशाल समजावे. शनिवार-रविवार हे सर्वांत गर्दीचे दिवस, म्हणून कित्येक कुटुंबांची सुट्टी मंगळवार-बुधवारी येते. ३१ डिसेंबरची रात्र, फेब्रुवारीतील सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा रविवार, जुलैतील स्वातंत्र्यदिन, म्हणजे अमेरिकेत इतरत्र घरची माणसे जेव्हा एकत्र बसतात, त्या प्रत्येक वेळी इथली आई किंवा बाप, आणि पुष्कळदा दोघेही, पाहुण्यांची सरबराई करत असतात. पूर्वी सुपरमार्केट रात्रभर उघडी असत आणि पहाटे तीनला दूध-भाजी घेणारी माणसे ही इथली साधी गोष्ट होती. २०२० नंतर त्यांतील बरीचशी मध्यरात्री बंद होऊ लागली. दिवसा जागणाऱ्या माणसांना त्याचा पत्ताही लागला नाही, आणि रात्री जागणाऱ्यांची अजूनही त्याबद्दल तक्रार आहे.

माझ्या वर्गात डीलरांची मुले पुष्कळ असतात. डीलर म्हणजे टेबलामागे उभा राहून पत्ते वाटणारा किंवा रूलेटचे चाक फिरवणारा नोकर. मूळ पगार राज्याच्या किमान वेतनाच्या आसपास, म्हणजे २०२४ पासून तासाला १२ डॉलरच्या जवळपास, आणि खरी कमाई ‘टोक’वर. टोक म्हणजे टिप. ती ज्याच्या हाती पडली त्याची नसते. बहुतेक कॅसिनोंत चोवीस तासांत सगळ्या टेबलांवर जमलेले टोक एकत्र करून प्रत्येकाने केलेल्या तासांच्या प्रमाणात वाटले जाते, म्हणजे एखाद्या लक्षाधीशाने मध्यरात्री खुशीत टाकलेल्या हजार डॉलरमधला थोडा भाग सकाळी रिकाम्या टेबलामागे उभ्या राहिलेल्या माणसालाही मिळतो. गुणोत्तर-प्रमाण शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घेतले, की मागच्या बाकावरची मुले माझ्याआधी उत्तर देतात. टेबल सोडताना डीलर दोन्ही तळहात उघडे करून वर-खाली फिरवतो. बाहीत किंवा मुठीत चिप, म्हणजे पैशांऐवजी चालणारी चकती, लपवलेली नाही, हे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवण्याची ती रीत आहे. इतकी वर्षे करून ती इतकी अंगवळणी पडते, की एका वडिलांनी माझ्या टेबलावर गुणपत्रिका ठेवून उठताना तसेच हात दाखवले, आणि मग आम्ही दोघेही हसलो.

नवशिक्यांना आणि मंदीत कामावरून कमी झालेल्यांना ‘एक्स्ट्रा बोर्ड’वर राहावे लागते. म्हणजे नोकरी आहे, पण पाळी ठरलेली नाही. गर्दी झाली, कोणी आजारी पडले, तर फोन येतो. मोठे अधिवेशन किंवा मुष्टियुद्धाचा सामना असेल त्या आठवड्यात भरपूर काम, पुढच्या आठवड्यात शुकशुकाट. अशा घरातील मुलाला सहलीचे पैसे आणायला सांगितले, की ते मूल अधिवेशन कधी आहे हे आधी पाहते.

तरीही इथे एक गोष्ट अशी घडली, जी अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी घडली असेल: खोल्या झाडणाऱ्या आणि बशा विसळणाऱ्या बायांनी स्वतःची घरे घेतली. त्याचे श्रेय कॅसिनोवाल्यांच्या औदार्याला नाही. ते कलिनरी वर्कर्स युनियनच्या २२६ क्रमांकाच्या शाखेला आहे, जिला इथे सगळे नुसते ‘कलिनरी’ म्हणतात. तिचे सभासद सुमारे साठ हजार. खोल्या साफ करणाऱ्या, स्वयंपाकी, वेटर, बारवाले, सामान वाहणारे. डीलर तिच्यात नाहीत. सक्तीच्या सभासदत्वाला कायद्याने बंदी असलेल्या या राज्यात ही संघटना टिकली, कारण ती आपल्या माणसांसाठी आरोग्य विमा, निवृत्तिवेतन आणि कामाचे शिक्षण मिळवून देते. फ्रंटिअर नावाच्या हॉटेलातील ५५० कामगारांनी २१ सप्टेंबर १९९१ रोजी संप पुकारला, तो १ फेब्रुवारी १९९८ रोजी संपला. सहा वर्षांहून अधिक काळ, दिवसरात्र, उन्हाळ्यातसुद्धा, त्या फुटपाथवर पहारा होता, आणि त्या ५५० पैकी एकही माणूस संप मोडून आत गेला नाही. मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना या शेवटच्या वाक्याचे वजन वेगळे जाणवेल. फ्रंटिअरचा संप कामगारांनी जिंकला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, संपाची मुदत दोन दिवसांवर आली असताना, पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढीचा करार झाला. त्यात पगाराइतकेच महत्त्वाचे होते ते रोजच्या रोज खोली साफ करण्याचे कलम, कारण पाहुणा तीन दिवस राहून गेल्यावर एकदम साफ केलेली खोली दुप्पट पाठ मोडते आणि पाळ्याही कमी करते.

आता या पगाराचे पुढे काय होते, ते सांगायला हवे, कारण बाहेरच्यांना दिसत नाही असे व्हेगास तिथून सुरू होते. १९७६ मध्ये फ्रँक फर्टिटा यांनी स्ट्रिपपासून थोड्या अंतरावर एक लहानसा कॅसिनो काढला, तो पाहुण्यांसाठी नव्हे, तर हॉटेलांत राबणाऱ्या स्थानिकांसाठी. लोकांना पगाराचा चेक तिथेच वटवता येई, आणि वटवणाऱ्याला बक्षिसाची संधी मिळे. त्याचे पुढे ‘पॅलेस स्टेशन’ झाले, आणि आज व्हॅलीच्या प्रत्येक दिशेला असे ‘लोकल्स कॅसिनो’ आहेत. बॉइड कंपनीने १९७९ मध्ये काढलेले ‘सॅम्स टाउन’ त्याच पठडीतले. यांना नुसते जुगाराचे अड्डे म्हणणे अपुरे होईल. आमच्या भागातील चित्रपटगृह कॅसिनोत आहे, बोलिंगचा हॉल कॅसिनोत आहे, स्वस्तात पोटभर जेवायचे ठिकाण कॅसिनोत आहे, आणि काही ठिकाणी तासांच्या दराने मुले सांभाळण्याची सोयही कॅसिनोत आहे. एकवीस वर्षांखालील मुलाला जुगाराच्या मशीनपाशी रेंगाळता येत नाही, पण आतून चालत जाता येते. म्हणून सिनेमाला निघालेली मुले गालिच्यातील ठरलेल्या वाटेने, दोन्हीकडच्या मशीनांच्या मधून, धुराच्या वासातून, पॉपकॉर्नच्या खिडकीपाशी पोहोचतात. बंद जागी धूम्रपानाला बंदी करणारा २००६ चा कायदा कॅसिनोच्या दालनांना लागू नाही. डीलरांच्या घरी गेले की कपड्यांना येतो तोच तो वास.

मशीनपासून लांब राहायचे म्हटले तरी सोपे नाही. किराणा दुकानाच्या दाराशी, पेट्रोल पंपावर, कोपऱ्यावरच्या बारमध्ये पंधरापर्यंत मशीने ठेवण्याचा परवाना मिळतो, आणि विमानातून उतरून सामान यायच्या आधीच ती दिसू लागतात. मौज अशी, की या राज्याच्या घटनेने लॉटरी विकायला मनाई केली आहे. महाराष्ट्र सरकार १९६९ पासून जे तिकीट विकते आहे, त्यासारखे तिकीट घ्यायला इथला माणूस साठ-पासष्ट किलोमीटर मोटार हाकत कॅलिफोर्नियाच्या सीमेवर जातो. मोठी रक्कम साठली की त्या दुकानाबाहेर भर उन्हात रांग लागते, आणि त्या रांगेत कॅसिनोच्या गणवेशातली माणसेही असतात.

माझे आजोळ गोव्यात डिचोलीकडचे, त्यामुळे हे पाहताना मनात तुलना येतेच. मांडवीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंवरून पणजीकर कित्येक वर्षे भांडत आहेत, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना जुगाराच्या दालनात प्रवेश बंद असल्याचा नियम तिथल्या सरकारने लागू केला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याच्या नियमात ढोंग आहे असे मला पूर्वी वाटे: पाहुण्यांना लुटू द्यायचे आणि आपल्यांना तेवढे वाचवायचे. आता वाटते, की त्या ढोंगात निदान धोका कुठे आहे याची कबुली तरी आहे. पाहुणा चार दिवस खेळतो आणि विमानात बसतो. घरच्या माणसाच्या वाटेवर मात्र ते दालन वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस असते, आणि त्याला वाढदिवसाला जेवणाचे कूपनही येते.

मी संभाव्यता शिकवते तेव्हा हा विषय टाळत नाही. अमेरिकी रूलेटच्या चाकावर ३८ घरे असतात, १ ते ३६, शून्य आणि दुहेरी शून्य; एका आकड्यावर लावले आणि तो आला तर ३५ पट मिळतात, खरे तर ३७ पट मिळायला हवेत. तेवढ्या फरकात हाउसचा, म्हणजे कॅसिनोचा, ५.२६ टक्क्यांचा हिस्सा आहे, आणि सगळी स्ट्रिप तशा टक्क्यांवर उभी आहे. पण आमच्या मुलांच्या घरी रूलेट कोणी खेळत नाही; तिथे चालतो व्हिडिओ पोकर, म्हणजे मशीनवरचा पत्त्यांचा जुगार. जुने रहिवासी मशीनपाशी बसण्याआधी काचेवरचे ‘पे-टेबल’, म्हणजे कोणत्या पत्त्यांना किती पट मिळतात याचा तक्ता, वाचतात. ‘फुल हाउस’ आणि ‘फ्लश’ या पत्त्यांच्या दोन जुळण्यांना अनुक्रमे ९ आणि ६ पट देणारे मशीन असेल, तर अगदी बिनचूक खेळणाऱ्याला शंभर डॉलरमागे सरासरी ९९ डॉलर ५४ सेंट परत मिळतात. अशी मशीने स्ट्रिपवर सहसा सापडत नाहीत. ती घरच्यांसाठी आहेत. एका मुलीने विचारले, की अर्ध्या टक्क्याहूनही कमी जात असेल, तर त्यात वाईट ते काय? मग आम्ही फळ्यावर मांडले: तासाला सहाशे डाव, प्रत्येक डाव सव्वा डॉलरचा, म्हणजे तासाभरात साडेसातशे डॉलर मशीनमधून फिरतात, बिनचूक खेळले तर साडेतीन डॉलर गेले, पण डाव चुकत गेले, आणि आठ तासांच्या पाळीनंतर ते चुकतातच, तर नुकसान सहज पाचपट-सातपट होते. आठवड्याचे, महिन्याचे, वर्षाचे मुलांनीच काढले. त्या मुलीने शेवटचा आकडा दोनदा तपासला आणि वही मिटून दप्तरात ठेवली. मी पुढे काही विचारले नाही.

घरचे कोण, हा प्रश्नही इथे सर्वांसाठी सारखा कधीच नव्हता. धरणाच्या, महायुद्धाच्या आणि हॉटेलांच्या कामांसाठी आर्कान्सातील फोर्डाइस आणि लुइझियानातील तलूला यांसारख्या गावांतून काळी माणसे इथे आली, आणि त्यांना रेल्वेरुळांच्या पलीकडे, वेस्टसाइडमध्ये, राहायला लावले गेले. सॅमी डेव्हिस ज्युनिअरसारखा कलावंत स्ट्रिपवर प्रेक्षक खेचत असे, पण ज्या हॉटेलात गात असे तिथे त्याला झोपता येत नसे. २६ मार्च १९६० रोजी, मोर्चाच्या इशाऱ्यानंतर, स्ट्रिपवरचा वर्णभेद संपवण्याचा समझोता झाला. १९७१ मध्ये राज्याने गरीब आयांचे सरकारी साहाय्य तोडले, तेव्हा वेस्टसाइडच्या रूबी डंकन या बाई, ज्या स्वतः हॉटेलात राबल्या होत्या, शेकडो आया आणि मुले घेऊन थेट स्ट्रिपवरच्या सीझर्स पॅलेस या कॅसिनोत शिरल्या. टेबले बंद पडली. पाहुण्यांचा खेळ थांबला, की या राज्यात सरकारला ऐकू येते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. काही आठवड्यांतच न्यायालयाने साहाय्य परत सुरू करायला लावले. पुढे त्याच बायांनी वेस्टसाइडमध्ये दवाखाना आणि वाचनालय चालवले. माझ्या मते या व्हॅलीच्या इतिहासातील सर्वांत हुशार माणूस ही बाई आहे, आणि तिच्यापुढे कॅसिनोंचे सगळे नामांकित मालक फिके आहेत.

बाहेरून येणाऱ्या मराठी पाहुण्यांना सर्वांत जास्त राग येतो तो कारंज्यांचा. वाळवंटात ही उधळपट्टी कशाला, असे ते विचारतात. स्ट्रिपवरच्या बेलाजिओ हॉटेलपुढचे कारंजे त्याच जागेवरच्या जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरीवर चालते, हे सांगितले तरी त्यांचे समाधान होत नाही. खरा हिशेब वेगळाच आहे. कोलोरॅडोच्या पाण्यात नेवाडाचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट, आपल्या भाषेत सुमारे १३ टीएमसी, म्हणजे कोयना धरणाच्या साठ्याचा आठवा भाग. व्हॅलीचे सुमारे नव्वद टक्के पाणी त्यातून, हूवर धरणामागच्या मीड सरोवरातून, येते. घरात, हॉटेलात, कुठेही छपराखाली वापरलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून परत सरोवरात सोडले जाते, आणि जेवढे परत गेले तेवढे पुन्हा उचलता येते. जाते ते फक्त उघड्यावर टाकलेले: हिरवळ, बागा, पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारी थंडाव्याची यंत्रे. म्हणून पाणी प्राधिकरण लोकांना हिरवळ उखडायचे पैसे देते. आजवर वीस कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ उखडली गेली आहे, आणि रस्त्याकडेच्या नुसत्या शोभेच्या हिरवळीला पाणी देणे २०२७ पासून कायद्यानेच बंद होणार आहे. २००२ नंतर सात-आठ लाख माणसे वाढूनही नदीतून निव्वळ उचललेले पाणी घटले. घरात वापरलेल्या पाण्यासारखाच पगारही फिरून मूळ साठ्याकडे जातो, असे मला कधी कधी वाटते. मात्र पाण्याच्या बाबतीत हे शहर ज्या दक्षतेने वागते, त्याच्या पावपट दक्षताही पगाराच्या बाबतीत कोणी दाखवत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरी दरवर्षी गणपती बसतो. हॉटेलात काम करणारे जे थोडे आहेत, त्यांना सोयीच्या म्हणून ठेवलेल्या शनिवारच्या आरतीला नेमके येता येत नाही. ते मंगळवारी येऊन स्वतःची आरती करून जातात. विसर्जन मागच्या अंगणात टबात होते आणि ते पाणी पुढे झाडाला घातले जाते. नदीच्या हिशेबाने पाहिले तर ते मोरीत ओतणे अधिक पुण्याचे ठरेल, पण हे म्हणण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

पाऊस वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर. २०२० मध्ये सलग २४० दिवस मोजण्याइतका थेंबही पडला नाही. ७ जुलै २०२४ रोजी तापमान ४८.९ अंशांवर गेले, आजवरचे सर्वाधिक, आणि त्या वर्षी काउंटीत उष्णतेमुळे पाचशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत पाहुणे फार नव्हते. वातानुकूलन यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीला पैसे नसलेली म्हातारी माणसे, उघड्यावर झोपणारी माणसे, नशेत पडून राहिलेली माणसे अशी ती यादी असते. जमिनीखाली पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेले लांबच लांब बोगदे आहेत. ऊन चुकवण्यासाठी शेकडो बेघर माणसे त्यांत राहतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये एखादे वादळी ढग फुटले की त्यांना काही मिनिटांत बाहेर पडावे लागते.

संकट आले की या गावाचा तोल एकदम जातो, कारण सगळे एकाच धंद्यावर उभे आहे. २००८ नंतरच्या मंदीत घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, आणि जप्तीच्या प्रमाणात नेवाडा वर्षानुवर्षे देशात पहिला राहिला. वर्गातील पटावर नावे असत आणि बाके रिकामी. २०२० मध्ये १८ मार्चपासून ४ जूनपर्यंत सगळे कॅसिनो बंद होते, आणि एप्रिलमध्ये व्हॅलीतील तिघांपैकी जवळजवळ एक कामकरी बेकार होता. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात घरून काम करता आले; पत्ते घरून वाटता येत नाहीत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी स्ट्रिपवरच्या संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबाराबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. त्यात शेवटी साठ माणसे गेली, आणि जगाने ती बातमी स्ट्रिपची म्हणून वाचली. आम्हाला आठवतात त्या दुसऱ्या दिवशी रक्तदानासाठी लागलेल्या रांगा, आणि त्याच आठवड्यात लोकांनी स्वतः खपून डाउनटाउनजवळ उभी केलेली स्मृतिबाग.

२०२५ मध्ये पुन्हा पाहुणे घटले. कॅनडातून येणाऱ्यांनी तर पाठच फिरवली, आणि बाकीच्यांना खोल्यांचे, पार्किंगचे दर झेपेनासे झाले. स्ट्रिपवर टोक कमी झाले, एक्स्ट्रा बोर्डचे फोन कमी झाले, आणि त्याच वर्षी २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपला केंद्रीय आयकरातून सवलत देणारा कायदा आला. सवलत चांगलीच आहे, पण मिळालेल्या टिपवर मिळते. राज्याचा आयकर इथे मुळातच नाही, आणि तो बसवायला घटनेनेच मनाई आहे. याच आकर्षणाने कॅलिफोर्नियातून माणसे येतात, घरे महाग करतात, आणि मग शाळा अशा का, असे विचारतात. कॅसिनोंच्या जुगारातील उत्पन्नावर राज्याचा सर्वांत वरचा कर ६.७५ टक्के आहे. फुटबॉलच्या स्टेडियमसाठी २०१६ मध्ये हॉटेलच्या खोल्यांवरील करातून ७५ कोटी डॉलर काढले गेले. बेसबॉलच्या संघासाठी २०२३ मध्ये ३८ कोटींपर्यंतचे सरकारी साहाय्य मंजूर झाले, आणि राज्यातील शिक्षकांच्या एका संघटनेने ते जनमताला टाकण्याचा केलेला प्रयत्न २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. माझ्या वर्गात चाळीसच्या आसपास मुले बसतात. वर ज्या टक्क्यांनी हाउस उभे असते असे मी शिकवते, त्यांतला एखादा टक्का शाळांकडे वळवावा, ही मागणी जुनी आहे आणि ती पुन्हा करावी लागेल. विधिमंडळ राज्याच्या राजधानीत, कार्सन सिटीला, इथून सातशे किलोमीटरवर, दोन वर्षांतून एकदा १२० दिवस बसते. पुढची बैठक २०२७ च्या फेब्रुवारीत आहे, आणि तिच्यासाठी लागणारी पत्रे आम्ही आतापासूनच लिहायला घेतली आहेत.